तराफ्यावरची गाय

९ सप्टेंबर, मंगळवार. कळंब

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि मम्मी म्हणते, हळू, शेजारी ऐकतील. वहीत कितीही ओरडलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

तराफा तयार आहे. धरणाच्या फुगवट्यावर, उंबरवाडीच्या काठापासून तरंगत्या फळ्यांच्या वाटेनं शंभर पावलांवर सोलरच्या प्लेटा ओळीनं तरंगताहेत. शेजारी गॅसची लांबलचक रबरी पिशवी, तीही पाण्यावरच. योजना शाळेतल्या पोरालाही कळेल अशी आहे. ऊन असेल तेव्हा वाडीचा सामायिक पंप प्लेटांवर चालेल. ढग आला की पिशवीतला गॅस जनरेटरला जाईल आणि पंप न थांबता चालत राहील. गॅस कशाचा, तर केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा. जांभळ्या फुलांच्या त्या केंदाळानं निम्मा फुगवटा गिळलाय. ते ओढून काढायचं, चिरायचं, शेणात कालवून पिशवीत ढकलायचं. समुद्रकाठी लोक हेच शेवाळापासून करू बघताहेत. आपल्याकडे समुद्र नाही, पण केंदाळ म्हणाल तेवढं आहे.

पिशवी महिन्यापूर्वी भरली, गॅस धरायला लागली. आज बटण दाबायचं एवढंच राहिलं होतं. तर पंप सोसायटीचे चेअरमन दादाभाऊ म्हणाले, पितरपाठ चालू आहे, या दिवसांत नवं काम धरत नाहीत, घट बसल्यावर बघू. मी म्हणालो, दादाभाऊ, सूर्य पितरपाठातही उगवतो. ते म्हणाले, उगवतो की, पण तो जुना आहे.

म्हणजे तेरा दिवस मी नुसता बसणार. मला या कामावर नेमणाऱ्या पुण्याच्या संस्थेला काय कळवू? आमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पितरांवर धडा नव्हता.

१४ सप्टेंबर, रविवार

वाडीच्या शाळेच्या ओट्यावर सभा घेतली. पिशवीत रोज किती टक्के केंदाळ, किती शेण, किती पाणी, हे तक्ता लावून समजावलं. अर्धा तास झाल्यावर बघतो तर दोघं पेंगताहेत, बायका आपसांत भाजीचं बोलताहेत आणि दादाभाऊ तक्त्याकडे असे बघताहेत की त्यावर त्यांच्या पाहुण्यांचा फोटो असावा.

माझं डोकंच फिरलं. तक्ता गुंडाळला आणि म्हणालो, असं करा, ही पिशवी म्हणजे गाय समजा. वेळेवर चारा द्यायचा, वेळेवर पाणी. जास्त कोंबलं तर पोट फुगेल. उपाशी ठेवली तर दूध आटेल. गॅस म्हणजे तिचं दूध.

सगळे सरळ बसले. साळुबाई म्हणून एक साठीच्या बाई आहेत, सोसायटीच्या पंपावर काम करणाऱ्या भरतची आई. त्यांनी विचारलं, "शेठ, मंग हिला आंबवण किती लागंल?" आंबवण म्हणजे गाईचं भिजवलेलं खाद्य. मी म्हणालो रोज दोन पाट्या. लगेच कुणी कुठल्या दिवशी शेण आणायचं, याच्या पाळ्याही ठरल्या.

वाडीत भरत सोडून सगळे मला शेठ म्हणतात. पप्पांचं कळंबला किराण्याचं दुकान आहे, त्यात माझा काय दोष? पण जाऊ दे. आज पहिल्यांदा माझं म्हणणं सगळ्यांना नीट कळलं. हे आधीच सुचायला हवं होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले, बटण दाबलं, पंप चालला. चार तास चालवून बघितला. मधे ढग आला, जनरेटर चालू झाला, पाणी थांबलं नाही. मी टाळी वाजवली, बाकी कुणी वाजवली नाही. ते पाण्याकडे बघत होते.

त्याआधी तासभर विधी. नारळ प्लेटेच्या काठावरच फोडणार होते, मी मधे हात घातला म्हणून प्लेट वाचली. पिशवीला हळदकुंकू लावलं. साळुबाईंनी तिचं नाव गंगी ठेवलं. रबरावर कुंकवाचा तेलकट डाग पडलाय, तो जात नाही.

घरी आल्यावर पप्पा म्हणाले, त्या पिशवीत कोट्यवधी जीव सडून मरत असतील, आपल्या घरातल्या माणसानं हे करावं का? मी सांगितलं, पप्पा, ते मरत नाहीत, उलट जेवताहेत, त्यांनी जेवावं म्हणून तर माझी सगळी धावपळ. त्यावर पप्पा, म्हणजे दुकानातले जवरीलालशेठ, म्हणाले, मग दिवाळीत दुकानावर यायला तुला वेळ मिळणार नाही का? मुद्दा तिथे होता तर.

४ ऑक्टोबर, शनिवार

साळुबाई रोज सकाळी मी पोचायच्या आधीच तराफ्यावर असतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. रोजचा प्रश्न एकच, "शेठ, आज दिसाचं पाणी किती तास चालंल?" मी रोज सांगतो, अजून चाचणी चालू आहे, चार तास, पाच तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चिकाटी मानली पाहिजे, पण माझ्याही सहनशक्तीला काही मर्यादा आहे.

परवा त्या म्हणाल्या, गंगीला आंबूस वास येतोय, दोन दिवस चारा कमी करा. मी म्हणालो, मावशी, वासावर यंत्र चालत नाही, आकड्यावर चालतं. काल गॅस कमी झाला. आज आंबटपणा मोजायची पट्टी बुडवून बघितली तर आतलं आंबट झालंय. मी ताबडतोब चारा निम्मा केला, चुन्याची निवळी घातली. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. भरतलाही दाखवून ठेवलं, निवळी कशी करायची ते.

८ ऑक्टोबर, बुधवार

वैजयंती मॅडमचा फोन. संस्थेत त्या माझ्या वरच्या. बोलणं नेहमीसारखं, निम्मी वाक्यं गिळून. तेरा तारखेपासून परीक्षा. सलग सहा दिवस, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, बाहेरची वीज न घेता पंप चालला पाहिजे. एकदाही थांबता कामा नये. तराफ्यावरचा मीटर सगळं परस्पर पुण्याला पाठवतो, त्यामुळे कुणी येणार नाही. पास झालं तर तराफा उंबरवाडीला कायमचा. नापास झालं तर दुसऱ्या धरणावर हलवायचा, तिथली मागणी आधीच आलेली आहे. पंचवीस तारखेला अहवाल जाणार.

वाडीत हे सांगितलेलं नाही. सांगितलं की चाळीस माणसं चाळीस सल्ले देतील, कुणी नवस बोलेल, दादाभाऊ पंचांग उघडतील. भरतला एवढंच म्हणालो, सोमवारपासून रोज दहा तास चालवायचाय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी साडेनऊला पोचलो तर भरत जनरेटरला टेकून गाढ झोपलेला. तोंड उघडं, पायाला चिखल. मी चांगलाच झाडला. म्हणालो, रात्रभर मोबाईल बघायचा आणि कामावर झोपायचं, हे इथं चालणार नाही.

तो म्हणाला, "मोबाईल न्हाई, भाऊ. या हप्त्यात लाईट रातीची हाय. दारं धराया जावं लागतं."

मी म्हणालो, रात्रीच्या विजेवर शेतात पाणी वळवायचं ते तुमचं घरचं काम, तराफ्याचं काम वेगळं. साळुबाई तिथंच केंदाळ चिरत होत्या, त्यांचेही डोळे लाल. या घरात रात्री कुणी झोपतच नाही की काय?

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहिला दिवस. दहा तास. एकदाही थांबला नाही.

मी मात्र दिवसभर जेवलो नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तिसरा दिवसही झाला. दुपारी चाळीस मिनिटं आभाळ होतं, जनरेटरनं सांभाळलं. वाडीच्या शेतांत बटाट्याच्या सऱ्या भिजताहेत. दिवसा पाणी म्हणून बायापोरांसकट सगळे रानात, एखाद्या लग्नाला आल्यासारखे. दादाभाऊंनी मला मुद्दाम बोलावून चहा पाजला. साळुबाईंनी आज तास विचारले नाहीत. हुश्श.

पप्पांचा रोज फोन. शुक्रवारी दुकानात ये, दुसऱ्या दिवशी धनतेरस आहे, गर्दी आवरत नाही. सकाळचे दोन तास देतो म्हणालो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

संपलं सगळं. तरी लिहितो.

सकाळी दुकानात गेलो. दोन तासांचे सहा तास झाले. साखर, रवा, खोबरं, मैदा. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून पिशव्या पुढे करत होती. बाराच्या सुमाराला भरतचे दोन फोन येऊन गेले, पण हात पिठात, कोण घेणार? सुटलो तर हायवेला गाड्यांची रांग. वाडीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

लांबूनच कळलं. आभाळ भरून आलेलं आणि पंपाचा आवाज नाही.

तराफ्यावर पोचलो तर गंगीच्या गळ्यात, म्हणजे पिशवीच्या तोंडाला, झेंडूची माळ. पुढे रांगोळी. ताटलीत बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी, निम्मी पिशवीत घातलेली. आठ-दहा बायका नवी लुगडी नेसून बसलेल्या. पिशवी टम्म फुगलेली. आणि गॅसचा कॉक बंद. सकाळपासून बंद. दुपारी बारा पन्नासला ढग आला, जनरेटरला गॅस मिळाला नाही, पंप थांबला. मीटरनं तेव्हाच पुण्याला कळवलं असेल. तीन तास वीस मिनिटं.

विचारलं, कॉक कुणी बंद केला? साळुबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्या केला. आज वसुबारस हाय ना. आजच्या दिशी गाईची धार काढत न्हाईत. दूध वासराला सोडत्यात."

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. आवाज पार पलीकडच्या काठावर गेला असेल. ही गाय नाही, रबर आहे. वासरू कुठंय, दाखवा मला वासरू. तुमच्या या अडाणीपणापायी परीक्षा गेली, दिवाळी झाली की तराफाही जाईल, मग बसा केंदाळाची पूजा करत. भरत मधे पडला, म्हणाला, भाऊ, आईला असं नका बोलू, दोन फोन लावले मी तुमाला विचारायला. मी त्यालाही गप्प केलं. दादाभाऊंनी विचारलं, परीक्षा कसली? तेव्हा सांगितलं.

साळुबाईंनी खाली बसून माळ काढली, ताटली उचलली आणि काठाकडे निघून गेल्या.

मॅडमना फोन केला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, मानवी चूक. म्हणाल्या, ठीक, तराफा दिवाळीनंतर हलवू.

घरी येऊन मम्मीला सगळं सांगितलं, मोठ्यानंच. ती पणत्यांना वाती करत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वसुबारसेला कोण धार काढतं? आपल्या मारवाड्यांत भादव्यात बछबारस असते, तीही गाय-वासराचीच, मी दरवर्षी करते. सांग बरं, त्या दिवशी मी काय खाते?"

हा काय प्रश्न झाला? माझा तराफा चाललाय आणि हिला खाण्याचं सुचतंय. मला कुठून माहीत असणार? ती म्हणाली, गहू नाही, गाईचं दूध नाही, सुरीनं चिरलेलं काही नाही, चौतीस वर्षं तुझ्यासमोर.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनतेरस

वाडीला गेलो नाही. जाऊन काय करू? दिवसभर दुकानात. पप्पा खूश. सकाळी सातला भरतचा फोन वाजत होता, मी घेतला नाही. माफीबिफी मागणार असेल. संध्याकाळी पुन्हा वाजला. पुन्हा घेतला नाही. हातातलं काम टाकून कुणाची रडगाणी ऐकायची?

१९ ऑक्टोबर, रविवार

आज जे कळलं ते लिहायला बसलोय आणि पहिल्या ओळीवरच अडलोय.

मम्मी दुपारी गल्ल्यावर बसली होती. सहज विचारलं तिनं, त्या साळुबाईला तू नक्की काय बोललास? मी सांगितलं. तिनं गल्ला बंद केला. मग म्हणाली, "तिचा नवरा रखमाजी. दोन वर्षांपूर्वी रात्री दारं धरायला गेला होता. बिबट्यानं नेला. उसात सापडला तिसऱ्या दिवशी. तुला ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. मम्मीला कसं ठाऊक? तर साळुबाई आमच्याच दुकानातून तेल-मीठ नेतात, पंधरा वर्षं. तेराव्याचं सामान आमच्याकडून गेलं. मी तेव्हा पुण्यात होतो, पण नंतरही दोन महिने मी त्या बाईंच्या शेजारी रोज उभा राहिलो, आणि रखमाजी कोण ते विचारलं नाही. भरतला फक्त झोपल्याबद्दल झापलं. आठवड्याआड लाईट रात्रीची असते, पोरगा दारं धरायला रानात जातो आणि आई उंबऱ्यावर जागत बसते. दिवसाचं पाणी किती तास चालेल, हे त्यांनी रोज का विचारलं, ते मला आज दुकानात, तेलाच्या डब्यांमधे उभं राहून कळलं.

मला माझी लाज वाटते. पण तरी एक राहतंच. एवढं सगळं असताना कॉक बंद कशाला करायचा? मला हे खरंच कळत नाही आणि त्याची चीडही जात नाही.

मम्मी म्हणाली, ज्या गाईवर घर चालतं तिला वर्षातून एक दिवस विश्रांती देतात, तिनं पुढं चालावं म्हणून. तू म्हणाला होतास ना गाय समजा? त्यांनी समजली.

वाडीला जाऊन काहीतरी बोलायला हवं. काय बोलू? तराफा तर जाणारच. रिकाम्या हातानं माफी मागायला जायचं धाडस होत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दुकानात पूजा झाली. पप्पांनी मला पुढे बसवलं. सगळे नातेवाईक म्हणाले, आता कल्पेश गादीवर बसणार वाटतं. मी हसलो नाही.

आज दुपारी अडीचच्या सुमाराला चांगलंच आभाळ आलं. सवयीनं घड्याळ बघितलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

रिंकू नगरहून आली, ओवाळलं. तिला सगळं सांगितलं. धाकटी बहीण असून ती मला म्हणाली, तू लहानपणी पतंग फाटला की वाऱ्यावर रागवायचास. एवढंच सुचलं तिला.

शनिवारी तराफ्याचं सामान बांधायला जायचंय. साळुबाईंना काय म्हणायचं, त्याची चार वाक्यं तयार केली. चारही खोडली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी वैजयंती मॅडमचा फोन. पहिलं वाक्य, तुम्ही दिवाळीत सुट्टी घेतली नाहीत वाटतं. मला वाटलं टोमणा. म्हणालो, मॅडम, मी सतरा तारखेपासून कळंबलाच आहे.

फोनवर कीबोर्डचा आवाज आला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तीनदा विचारलं. अठरा तारखेपासून तेवीसपर्यंत, सहा दिवस, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, पंप चालला. एकदाही थांबला नाही. पाच वेळा ढग आला, पाचही वेळा जनरेटरनं घेतलं. नियमात सलग सहा दिवस म्हटलंय, कुठले सहा ते म्हटलेलं नाही, असं मॅडम म्हणाल्या. उद्याच्या अहवालात पास. तराफा उंबरवाडीला राहणार.

डोळ्यांत पाणी आलं, ते पप्पांनी बघितलं आणि चुलीचा धूर झालाय का म्हणून आत विचारायला गेले. आमच्याकडे गॅसची शेगडी आहे.

पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाल्या, तुम्ही तिथे नव्हतात हे तर उत्तमच झालं. गावानं स्वतः चालवलं, ही मोठी गोष्ट आहे. म्हणजे तिथे आता इंजिनिअरची गरज नाही, तसं मी लिहिते. तुम्ही सोमवारी दुसऱ्या धरणावर रुजू व्हा, तिथे नवा तराफा येतोय.

मी गैरहजर राहिलो म्हणून यंत्र चाललं, असा सरळ अर्थ झाला. कुणाच्या नशिबी असली शाबासकी येते? हसावं की डोकं आपटावं, ठरत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आठच्या आत उंबरवाडीला पोचलो. भरत कॉकपाशी उभा. याआधी कधी बघितला नव्हता इतका ताजातवाना. मला बघून आधी गांगरला, मग म्हणाला, भाऊ, सामान बांधायला आलात ना, जरा दुपारपर्यंत थांबा, चांगदेवाच्या रानातल्या शेवटच्या पाच सऱ्या भिजायच्या राहिल्यात.

तेव्हा सगळं ऐकलं. तराफा जाणार हे कळल्यावर वसुबारसेच्या शुक्रवारी संध्याकाळीच दादाभाऊंनी सगळ्यांना बसवलं. जाईल तेव्हा जाईल, तोवर दिवसा जेवढं रान भिजवता येईल तेवढं भिजवून घेऊ, म्हणजे या खेपेला बटाट्याला रात्रीचं कुणी जायला नको. बायकांनी केंदाळाच्या पाळ्या लावल्या, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. शुक्रवारी दूध न काढल्यामुळे पिशवी गच्च भरलेली होती, त्यावर शनिवारचे ढग निभले. हे मुद्दाम लिहून ठेवतो. रविवारी आंबूस वास आला. त्याआधीच पिशवी कुरकुरायला लागल्यापासून चुना किती ते विचारायला भरत मला फोन लावत होता. मी घेतला नाही. मग साळुबाईंनी वास घेऊन अंदाजानं दोन मुठी चुन्याची निवळी घातली, एक दिवस चारा निम्मा केला. सोमवारी गंगी पूर्ववत.

परीक्षेचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ती त्यांच्या दृष्टीनं बुडालेलीच होती.

मी सांगितलं, पास झालात. तराफा इथंच राहणार. भरतनं दोनदा विचारलं, हितंच? मग तो कॉक सोडून दादाभाऊंच्या घराकडे पळत सुटला, मलाच कॉक धरून उभं राहावं लागलं.

मग साळुबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात शेण कालवत होत्या. हात कोपरापर्यंत भरलेले. मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. आणि मला रखमाजींचं माहीत नव्हतं."

त्या म्हणाल्या, "तुमाला कोन सांगनार? तुमी इचारलं बी न्हाई." रागानं नाही म्हणाल्या. नुसतं खरं ते म्हणाल्या, आणि ते रागापेक्षा जास्त लागलं.

तराफा राहणार हे सांगितलं. त्यांचे हात थांबले. परत विचारलं, कायमचा? म्हणालो कायमचा, दिवसा दहा तास, बाराही महिने. आता भरतला रात्री जायला नको. त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या, खाली बघत. रडत असाव्यात. मी दुसरीकडे बघितलं, मला काय करावं कळेना.

मी सोमवारी दुसऱ्या धरणावर चाललोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिथं लाईट दिवसाची असती का रातीची? मी म्हणालो रात्रीचीच असणार, सगळीकडे तसंच आहे.

त्यांनी हात धुतले, घरात गेल्या आणि एक बॅटरी घेऊन आल्या. लांब पितळी, तीन सेलची, काचेला एक तडा. म्हणाल्या, "ही ह्यांच्या हातात व्हती त्या राती. मंग भरत न्यायचा. आता हितं लागत न्हाई. तू जाशील तिथं कुनी ना कुनी अजून जात असंल रातीचं. त्याला दे. तुमचा तिथला तराफा सुरू हुईस्तोवर."

मी घेतली. बॅटरी बॅगेत मावेना, म्हणून गाडीच्या हँडलला बांधून आणली. सेल उतरलेले आहेत, उद्या मंचरहून नवे आणायचे आहेत.